नवरदेवाच्या नावापुढची दोन अक्षरं

आमच्या ह्यांना सगळे भिंगवाले म्हणतात. चर्चच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी केली, निवृत्त झाले, तरी हातातलं भिंग सुटलं नाही. कुणाला पणजोबांचा माग काढायचा असला, की लग्नाच्या जुन्या नोंदवहीचा फोटो घेऊन माणूस आमच्या दारात हजर. जुने पाद्री शाईच्या बाबतीत भारी चिक्कू. विधुर, परगावचा, सगळं एकदोन अक्षरांत उरकायचं आणि पुढे टिंब द्यायचं. ह्यांचा नियम एकच : त्याच हातच्या दहा नोंदी वाचल्याशिवाय अर्थ सांगायचा नाही. समोरचा कितीही घायकुतीला येवो, हे ढिम्म.

तो नियम ह्यांनी एकदाच मोडला, तोही स्वतःच्या घरात.

सहा वर्षांपूर्वी ह्यांना आपल्याच आईवडिलांच्या लग्नाची नोंद सापडली. वडिलांच्या नावापुढे दोन अक्षरं होती : वि. पु. ह्यांनी ती विधुर पुरुष अशी वाचली. "बाबांचं आधी एक लग्न झालं होतं, ते विधुर होते," असं हे वन्संना सांगून बसले. वन्संनी सासूबाईंना जाब विचारला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "असं काही नव्हतं गं." पण वहीत लिहिलेलं खोटं कसं असेल? आईनं आपल्यापासून एवढं लपवलं, म्हणून वन्संनी बोलणं टाकलं. पुन्हा या घराची पायरी चढल्या नाहीत.

मंगळवारी कुणा परक्याच्या आजोबांसाठी हे सासूसासऱ्यांच्या लग्नाच्याच वर्षाची पानं चाळत होते. चहा निवला तरी मान वर होईना. मग म्हणाले, "हे बघ, बाबा धरून एका महिन्यात सहा विधुर!"

"गावात साथ आली होती की काय?" मी म्हटलं.

ह्यांना हसू आलं नाही. सहातला एक नवरा एकोणीस वर्षांचा होता. अक्षर निरखून पाहिलं, तर ते नेहमीच्या पाद्र्यांचं नव्हतंच. ते आजारी होते आणि महिनाभर दुसरेच कुणी आले होते. त्यांनी एका नोंदीत वि. पु.च्या जागी अख्खे शब्द लिहिले होते : विना पुकार. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारायची असतात. घाई असली तर त्यातून सूट मिळते. सासऱ्यांची बदली तोंडावर आली होती, एवढंच.

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आतल्या खोलीत सासूबाईंचं अन्न तुटून चार दिवस झाले होते. हे फोन उचलत, ठेवत. शेवटी मीच वन्संना फोन लावला. बसनं दोन तासांचा रस्ता. ते दोन तास मी सासूबाईंच्या श्वासाकडे कान लावून बसले होते. मध्येच श्वास अडकायचा आणि मी घड्याळाकडे बघायची. हे दार ते खिडकी अशा येरझाऱ्या घालत होते. मला ह्यांचा राग येत होता आणि कीवही.

वन्सं आल्या त्या चपलांसकट आत गेल्या. पलंगाशी बसून त्यांनी आईचा हात धरला. "आई, चुकलं माझं. बाबांचं आधी लग्न झालंच नव्हतं."

सासूबाईंनी डोळे उघडले. लेकीला ओळखलं. तिचा हात घट्ट धरला.

"कुणी सांगितलं तुला?"

"यानं वही परत वाचली."

"होय का," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे आतासुद्धा वहीच्याच सांगण्यावरून आलीस."