दोनशे पन्नास वेढे

पाचूबंदरच्या मेलिसाने वसईच्या एका गाळ्यात अठरा वर्षं तांब्याची तार गुंडाळली. तिथे बोटींचे दिवे दुरुस्त होत. कॉइल बायकांनी करायची आणि सर्किट जोडणार टेक्निशियन, तो कायम पुरुषच! एक टेक्निशियन काम सोडून गेला, तशी तिने परेशशेठकडे सरळ ती जागा मागितली. शेठ म्हणाले, "बारा व्होल्टच्या बॅटरीवर ही ट्यूब पेटवून आणा. सोमवारी सकाळी. नाहीतर दुसरा माणूस ठरलेलाच आहे."

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून बाई कामाला बसल्या. सगळं जोडून झालं, राहिले कॉइलचे अडीचशे वेढे. गाळ्यात मोजायला मशीन होतं, घरी कुठलं? सासू मालूबाय रोजरी घेऊन शेजारी बसली. एक वेढा, एक मणी. मोठे मणी सोडून एका माळेचे पन्नास, अशा पाच माळा. दोन झाल्या आणि चर्चची बाराची घंटा वाजली. मेलिसा कालवण करायला उठली. परत आली तर सासू म्हणाली, "तीन झाल्या." मोजणी सासूवरच सोडलेली, म्हणून हिने उरलेल्या दोन गुंडाळल्या.

बॅटरी लावली. ट्यूब टोकांना तेवढी उजळली, मधे काळोख! मेलिसाने जोडण्या चारदा तपासल्या, ट्रान्झिस्टर बदलला. काही होईना. तिला रडूच फुटलं.

मालूबायची मघापासून चुळबुळ चालली होती. "गो, घंटा झाली नं, तवा मी खरीच प्रार्थना केली. एक अख्खी माळ. मनी पुढं गेले."

"अहो आई! देवाला पोचली ती, तारेला कशी पोचणार?" रागवावं की हसावं हेच मेलिसाला कळेना. तिने राहिलेले पन्नास वेढे चढवले आणि ट्यूब लख्ख पेटली. सासूने तिची अलाबला घेतली.

सोमवारी शेठनी पेटलेली ट्यूब बघितली. "वा! कोणाकडून करून आणलंत?"

ते बोलणं तिला झोंबलं. अठरा वर्षं यांच्याकडे राबले, आणि हे विचारतात? तिने एकेक वायर सोडवली, सगळे भाग सुटे करून शेठच्या टेबलावर मांडले आणि म्हणाली, "आता घड्याळ लावा."

वाइंडिंगच्या बायका हातातलं टाकून दारात जमल्या. नऊ मिनिटांत ट्यूब पुन्हा पेटली. मेलिसा हात बांधून, ताठ मानेने उभी राहिली.

शेठनी तिच्यासमोरच त्या ठरलेल्या माणसाला फोन लावला. "उद्या येऊ नका. जागा भरली. आमच्या मेलिसाबाई आहेत."