सोपा आणि खोपा

सिद्रामप्पाच्या तोंडात दात होते तवा औशाच्या बाजारात त्याची कांद्याची हाळी पार वेशीपर्यंत ऐकू जायची. पुढं हिरड्या सुजल्या. चूळ भरली की रक्त, दाबलं की पू. डॉक्टर म्हणाला पायरिया हाय, मिश्री सोडा. आप्पानं डॉक्टर सोडला. एकेक दात खुंट्यागत हलून हलून निघाला. शरणम्मा, त्याची बायको, भाकर दुधात कुस्करून पुढं ठेवायची आन् हसायची, "खा, बाळा."

मग लातूरहून कवळी आणली. निजताना काढायची, पेल्यात ठेवायची, पेला कोनाड्यात.

भूकंप झाला त्या पहाटे आप्पा अंगणात बाजेवर होता, म्हणून वाचला. कोनाडा मातीखाली, शरणम्माही मातीखाली. लेक वैजनाथ लातुरात शिकवणी घ्यायचा, तो जीप धरून आला. गल्ली कुठली, घर कुठलं, काही उमगत नव्हतं.

"आप्पा, आई कुठं निजली होती?"

"होप्यात! होप्यात रं!"

म्हणायचं होतं सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत. वैजनाथनं ऐकलं खोप्यात. गाय व्यायला झालेली, आई मागं कडब्याच्या खोप्यात निजली असंल, हे त्याला पटलंही. मदतीला आलेल्या जवानांना घेऊन तो मागं पळाला. आप्पा हात हलवत, बोळक्या तोंडानं ओरडत राहिला. गाव सगळंच ओरडत होतं.

खोप्यात गाय निघाली. शरणम्मा दिवस कलल्यावर सोप्यात सापडली. अंग अजून कोमट होतं.

पुढं आप्पा लातुरात लेकाकडं आला. वैजनाथची शिकवणी वाढली, माडीवर कंधार-मुदखेडची पोरं भाड्यानं राहू लागली. बापलेकात वाजलं की वैजनाथ तेच काढायचा.

"तुम्हीच खोप्यात म्हणालात न्हाई का?"

"म्या होपा म्हणलो रं! होपा!"

"मग मी बी तेच म्हणतोय की."

होता होता आप्पाचा सोतावरचाच भरवसा सुटला. आपण खरंच काय म्हणलो होतो? दात असते, तर एकदा म्हणून बघता आलं असतं. मधल्या काळात घेतलेली स्वस्तातली कवळी ढिली होऊन बोलताना टिकायची न्हाई, नुसती हिरडीला घासायची. तिथं मांसाची झालर लोंबू लागली, तवा कुठं वैजनाथनं त्याला दातांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर वैष्णवी पोरसवदा, पण हात हलका. तिनं झालर कापली, जखम भरू दिली, नवी कवळी केली. बसवताना मात्र तिचा चेहरा पडला.

"आजोबा, हिरडीखालचं हाड पार झिजलंय. शेताचा बांध सपाट व्हावा तसं. कवळीला धरायला काठच राहिला नाही."

"हं."

"बोलून बघू. साठ, सत्तर म्हणा."

आप्पानं वैजनाथकडं पाहिलं. दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

"सो..." म्हणाला. चक्क सो. स्वच्छ. त्याचे डोळे मोठे झाले. पण पुढच्या अक्षराला ओठ मिटायच्या आत कवळी जिभेवर उतरली, हनुवटीवरनं मांडीवर पडली.

त्यानं बोळक्या तोंडानं पुन्हा म्हणलं, "होप्यात."

डॉक्टर वाकली. "काय म्हणालात? खोप्यात? कुठला खोपा, आजोबा?"

आप्पा लेकाकडं बघत राहिला. वैजनाथनं मांडीवरची कवळी उचलली, बेसिनपाशी नेली आन् नळाखाली धुवू लागला. धुऊन झाली तरी तो धुतच राहिला.