भाऊजींचे न दुखणारे पाय

स्वतःच्या पायांना इतकं वाईट वागवणारा माणूस बोरिवलीत काय, अख्ख्या मुंबईत शोधून सापडायचा नाही. हा माणूस माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझे भाऊजी. कुणाचा गॅस संपलाय, कुणाच्या सासूला स्टेशनवरून आणायचंय, असं नुसतं कानावर पडलं की भाऊजी निघालेच. तेही चालत. "रिक्षा म्हाताऱ्यांसाठी," असं ते सत्तरीच्या उंबरठ्यावरून सांगायचे. मधुमेह त्यांच्याकडे फार वर्षांपासून मुक्कामाला आहे आणि त्याची बडदास्त उत्तम राखली जायची. सकाळी कारल्याचा रस, आणि कडू तोंडाने घराबाहेर पडू नये म्हणून कोपऱ्यावरची गरम जिलबी. गोळी तिचं काम करते, आपण आपलं करावं, हे त्यांचं वैद्यकशास्त्र. मी चिडले की म्हणायचे, "मेहुणीबाई, तुझी शुगर नॉर्मल ना? मग इतकं कडू का बोलतेस?"

एकदा कपाटाची किल्ली हरवली. ताईने गाद्या उलट्या केल्या, डबे पालथे घातले, मला बोलावून घेतलं. मी कचऱ्याच्या डब्यातसुद्धा हात घातला. तेवढ्यात भाऊजी बँकेत, मंडईत आणि कुणाच्यातरी बारशाला जाऊन आले. दारात बूट काढला आणि आतून किल्ली टणकन खाली पडली. तळव्यावर तिचे दात उमटले होते. माझ्या अंगावर काटा आला. भाऊजींचा चेहरा मात्र उजळला. "बघा, सुखरूप आहे!" हे किल्लीबद्दल. ताई किंचाळली, "अहो, टोचली नाही तुम्हाला?" त्यावर उत्तर, "पाय तयार आहेत माझे. उगाच नाही इतकी वर्षं चाललो."

पण माझा खरा संताप नवरात्राचा. भाऊजी दर नवरात्रात अनवाणी राहत. घटस्थापनेला चपला माळ्यावर, त्या दसऱ्याला खाली. श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझी आईही अनवाणी राहायची, पण पाय पोळले की बादलीत बुडवून बसायची. भाऊजीही पूर्वी लंगडत घरी येत. अलीकडे ते बंद झालं. "पूर्वी डांबर पोळायचं, खडी टोचायची," ते सोसायटीच्या आरतीला सगळ्यांना सांगत, "आता काही म्हणजे काही कळत नाही. आईने पायाखाली हात धरलाय." बायका हात जोडायच्या. एकीने तर त्या पायांना हात लावून डोळ्यांना लावला. ही सुशिक्षित माणसं बरं का! डॉक्टरांकडे जा म्हणणारी मी एकटी, त्यामुळे नास्तिक मीच ठरले.

गेल्या वर्षी आमच्याकडचे सगळे रस्ते खणलेले. भाऊजी त्या खडीतून नऊ दिवस अनवाणी फिरले. दसऱ्याला सोनं देऊन मी पाया पडायला वाकले, तर फरशीवर ओलसर लालसर डाग. पाय उचलायला लावला. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्यावर, बोट जाईल एवढा खड्डा. "अरे, हे कधी झालं?" म्हणून भाऊजीच आमच्याकडे बघायला लागले. वर म्हणाले, "दुखत नाही ना, मग हळद लावू."

मी त्यांना जवळजवळ ओढत डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी भाऊजींना डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा एक धागा तळव्याला ठिकठिकाणी टोचला. "काका, टोचेल तिथे सांगा." भाऊजी गप्प. थोड्या वेळाने म्हणाले, "सुरू करा की, डॉक्टर." धागा तोवर ठेवूनही झाला होता.

बाईंनी नीट समजावलं. साखरेने नसा मारल्या, त्यामुळे पायाची तक्रार वर पोचतच नाही. एकाच जागी घासत राहतं आणि कुणाला कळत नाही. रक्तवाहिन्या अरुंद झाल्या, म्हणून जखम भरून काढणारं रक्तही पुरेसं येत नाही. जंतूंचं मात्र फावतं. त्यात जरा नवी कातडी धरली की पुढचं पाऊल तिला चिरडतं. "या पायावर भार टाकायचा नाही, काका. चालणं बंद."

बंद कसलं! ताईची पाठ वळली की हे शेजाऱ्यांचं पार्सल आणायला खाली. "दोन पावलं तर गेलो." मी ओरडले, रडले, चपला लपवल्या. चपला लपवून काय उपयोग, अनवाणी फिरायची सवय या माणसाला! महिना-दीड महिन्यात हाडापर्यंत पू गेला आणि अंगठा काढावा लागला. सोसायटीतले लोक भेटायला आले आणि म्हणाले, बघा, इतकं होऊनही चेहऱ्यावर वेदना नाही. त्या दिवशी मी सगळ्यांना चहा न देता घालवलं.

आता भाऊजी गॅलरीत बसून असतात. अंगठ्याच्या जागची जखम अजून भरायची आहे. भरली तर पाऊल वाचेल, असं डॉक्टर म्हणतात. ताईला बघवत नाही, म्हणून पट्टी मी बदलते. परवा बदलताना लक्षात आलं, भाऊजी पायाकडे बघतच नाहीत, माझ्याकडे बघतात.

"काय बघताय?" मी खेकसले.

"तुझं तोंड. किती दुखायला हवं होतं, ते तिथे कळतं गं."

मला चिडायचं होतं, पण जमलं नाही. मी बोळा जखमेला लावला आणि माझ्याच तोंडून 'स्स्' निघालं. भाऊजींनीही 'स्स्' केलं, मला सोबत म्हणून.