‘संग्राह्य’ऐवजी असे वाचावे

वासुभाऊ चाफले कॉमिक वाचत नसत, कॉमिकची छाननी करत. नवं कॉमिक हातात आलं की आधी लाल पेन्सिलीनं पानापानावर क्रमांक टाकायचा, छापलेला क्रमांक असला तरी. "छापणाऱ्याचा काय भरोसा?" मग डाव्या कोपऱ्यात दाभणानं भोक पाडून फाइलीचा हिरवा टॅग ओवायचा. भोक बरेचदा नायकाच्या कपाळातून जाई, त्याला इलाज नव्हता. तेहतीस वर्षं सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत काढलेला माणूस. त्याच्यापुढे उडणारा, गायब होणारा, डोळ्यांतून आग ओकणारा कसलाही महावीर आला तरी तो शेवटी अर्जदारच असे.

हिंगणघाटातल्या आमच्या साप्ताहिकात मी पानं लावायचो आणि उरलेल्या वेळात व्यंगचित्रं काढायचो. वासुभाऊ निवृत्त झाले तेव्हा घरात एकटेच होते. बायको मंदा आधीच गेलेली, मुलगी लग्न होऊन बंगळुरूला. मुलीनं मागे कॉमिकांची दोन खोकी आणि एक जुना टॅब ठेवला होता. वासुभाऊंनी ती खोकी प्रलंबित प्रकरणं समजून उघडली. महिनाभरानं ते आमच्याकडे आले आणि संपादकांपुढे सहा पानी टिपण ठेवलं. विषय: नायकाने पाडलेल्या पुलांबाबत. अकरा अंकांत नायकानं चार पूल पाडले होते आणि एकाचाही पंचनामा झाला नव्हता.

संपादकांना वाटलं, काय झकास विनोदी लेखक गवसला! त्यांनी टिपण जसंच्या तसं छापलं. गाव पोट धरधरून हसलं आणि दर गुरुवारचं सदर ठरून गेलं: ‘चित्रकथा व व्हिडिओ खेळ: वार्ता आणि अभिप्राय’. गंमत अशी की लोक ते विनोद म्हणून वाचत आणि वासुभाऊ कर्तव्य म्हणून लिहीत. हे त्यांना कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

वार्ता विभागात ते लिहीत, ‘मुंबई येथे एका जाडजूड चित्रकादंबरीचे प्रकाशन झाल्याचे समजते. सदर पुस्तक हिंगणघाट येथे अप्राप्त. सबब मत नाही.’ न वाचलेल्या पुस्तकावर मत नाही, असं छापून सांगणारा समीक्षक मराठीत मी तरी दुसरा पाहिला नाही. युद्धाच्या एका खेळाबद्दल त्यांनी लिहिलं, ‘सैनिक तीन वेळा मृत झाला व तीन वेळा कामावर रुजू झाला. मधल्या काळातील रजा कोणत्या प्रकारची धरावी, याबाबत खेळात मार्गदर्शन नाही.’ आणि शेतीच्या खेळाबद्दल, ‘पेरणीनंतर चार मिनिटांत कापूस फुटतो. बोंडअळी नाही. भाव ठरलेला असतो व तोच मिळतो. वस्तुस्थितीशी पूर्णतः विसंगत. तथापि खेळ सोडवत नाही.’ आमच्या कापसाच्या बाजारात हे कात्रण कितीतरी दिवस अडत्यांच्या भिंतींवर चिकटवलेलं होतं.

त्यांची स्वतःची काही ठाम वाक्यं होती. पात्रांच्या तोंडाशी जे संवादाचे फुगे काढतात त्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "फुगा काय, कोणीबी फुगवते. चित्र पाह्य. चित्र म्हंजे पुरावा. चित्रात जे नाई, थे झालंच नाई." इतर समीक्षकांची तर ते सालटी काढत. आपल्याकडे परीक्षणाच्या शेवटी ‘पुस्तक संग्राह्य आहे’ असं लिहायची रीत आहे ना, त्यावर त्यांचा फार राग. "संग्राह्य म्हंजे काय सांगू का तुले? मी वाचलं नाई, तुमीबी वाचू नका, पण ठेवून द्या."

चहाच्या टपरीवर मी त्यांची हुबेहूब नक्कल करायचो. चष्मा नाकावर ओढून "थो उडते, पण कोणाच्या परवानगीनं उडते?" म्हटलं की मित्र हसून लोळत. आणि मग माझंच पुस्तक आलं.

सात वर्षं खपून मी बाबांवर एक चित्रकादंबरी काढली होती, ‘दोन नंबरचा भोंगा’. बाबा इथल्या कापड गिरणीत होते. त्यांच्या पाळ्या, त्यांचा खोकला, गिरणीच्या फाटकापासून घरापर्यंतची त्यांची चाल, सगळं काळ्या शाईत. वर्ध्याला प्रकाशन झालं. तीन पाहुणे बोलले आणि तिघांनाही पुस्तकात विदर्भाच्या मातीचा गंध आला. उघडून कोणी पाहिलं नव्हतं, गंध बहुधा बंद पुस्तकातूनच येत असावा. मी पुण्या-मुंबईला प्रती पाठवल्या. महिने गेले, कुठं दोन ओळी नाहीत. उरले एकटे वासुभाऊ. ज्या माणसाची टपरीवर नक्कल करायचो, त्याच्या अभिप्रायावर माझा जीव टांगला गेला. त्यांनी चांगलं लिहिलं तर माझी सात वर्षं फुकट गेली नाहीत, असं मला कुणीतरी म्हटल्यासारखं होणार होतं.

त्यांना प्रत दिली, तीन आठवड्यांनी टिपण आलं, नेहमीसारखं हाताने लिहिलेलं. मुद्दा एक: गिरणीची चिमणी योग्य ठिकाणी आहे. मुद्दा दोन: यंत्रे समाधानकारक. मुद्दा तीन: कामगाराचा थकवा शब्दांवाचून समजतो, चांगले. ‘चांगले’ हा शब्द त्या सदरात कधी आलाच नव्हता. मी खुर्चीतून उठलो, बसलो. मग मुद्दा चार वाचला.

‘कामगार पृष्ठ ७, १९, ४४, ८१ व ११६ येथे डबा उघडतो. डबा भरताना संपूर्ण पुस्तकात कोणीही दिसत नाही. डबा कोण भरते, याबाबत खुलासा व्हावा. तोवर अंतिम मत राखून ठेवण्यात येत आहे.’

मला झोंबलं. सात वर्षांचं काम आणि ह्यांना डबा दिसतो! पान लावणारा मीच. मी चौथा मुद्दा उडवला. खाली दोन ओळींची जागा रिकामी राहिली, तिथं मी स्वतःच्या हातानं टाइप केलं, ‘एकंदरीत पुस्तक संग्राह्य आहे.’ कोणाच्या लक्षात येणार, असं मला वाटलं होतं.

गुरुवारी सकाळी अंक घेऊन वासुभाऊ हजर. बसले नाहीत.

"चवथा मुद्दा कुठं गेला?"

"जागा नव्हती, वासुभाऊ."

"अन् ‘संग्राह्य’ले जागा होती?"

मी आवाज चढवून म्हणालो, "एका डब्याचा कायले एवढा बाऊ करता? पुस्तक माह्या बाबावर आहे. तुमचा डबा कोण भरे, लिवलं का तुमी कोणत्या फाइलीत?"

संपादकांनी पेपरातून डोकं वर काढलं. वासुभाऊंनी चष्मा उतरवला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि हातातच ठेवला.

"नाई लिवलं," ते म्हणाले. "मंदा भरे. तेरवी झाल्यावर पह्यल्यांदा ऑफिसात निघालो, तं डब्याचं झाकणच सापडेना. सारं घर उलथंपालथं केलं. तवा समजलं, इतकी वर्सं थे झाकण कुठं ठेवे हे मी पाह्यलंच नाई. मले आता कोणाले विचारता येत नाई. तुही माय घरी बसून आहे नं? तुले विचाराले काय झालं होतं?"

दारापर्यंत जाऊन ते वळले. "अन् फाइलीतलं पान फाडू नये बापा. शोभत नाई."

घरी आई अंबाडीची भाजी निवडत बसली होती. मी विचारलं, "माय, बाबाचा डबा तूच भरे नं?"

"बाबाचा काऊन? आमच्या दोघायचा एकच डबा होता," ती म्हणाली. "मी बी जिनिंगमदी जात होती, कापूस निवडाले. तू व्हाच्या आंधी सहा वर्सं. दुपारी गिरणीच्या फाटकापाशी दोघं मिळून खात होतो. भाकर कमी पडे तं भांडण व्हे."

"तू कधी सांगितलं नाई."

"तू इचारलं कधी? तू तं सारं बाबालेच इचारे."

खरं होतं. बाबा असताना मी त्यांच्याजवळ वही घेऊन बसायचो, गिरणीबद्दल खोदून खोदून विचारायचो, आणि चहा आणून देणाऱ्या आईकडे मान वर करून पाहतही नव्हतो. मला माझीच लाज वाटली.

पुढच्या गुरुवारी मी चौकट छापली: ‘शुद्धिपत्रक. मागील अंकातील अभिप्रायात “एकंदरीत पुस्तक संग्राह्य आहे” ऐवजी “डबा कोण भरते, याबाबत खुलासा व्हावा” असे वाचावे.’ गावाला तो वासुभाऊंचा आजवरचा सगळ्यात मोठा विनोद वाटला. टपरीवर मला त्याची नक्कल करायची फर्माइश झाली, मी केली नाही. वासुभाऊ अंक घेऊन आले, चौकट दोनदा वाचली आणि म्हणाले, "दिनांक टाकाचा राह्यला." त्यांनी मला माफ केलं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. पण सदर त्यांनी थांबवलं नाही, आणि मी त्यांचा एकही शब्द पुन्हा हलवला नाही.

थंडीत एका दुपारी ते जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. संपादकांनी बातमी लिहिली, ‘ज्येष्ठ विनोदी लेखक वासुदेव चाफले यांचे निधन.’ मी त्यांच्याशी भांडून ‘विनोदी लेखक’ काढलं आणि ‘समीक्षक’ घातलं. संपादक म्हणाले, लोक हसतील. हसू देत. तीन वर्षं त्या माणसानं प्रत्येक चौकट डोळ्यांत तेल घालून पाहिली, आणि आम्ही सगळे नुसते त्याच्याकडे पाहत होतो.

दुसऱ्या आवृत्तीत मी बारा पानं नवी काढली. जिनिंगचं आवार, कापसाचा ढीग, ढिगाशी बसलेल्या बाया, त्यांतली एक आई, आणि फाटकापाशी एका डब्यावर वाकलेली दोन डोकी. पहिल्या आवृत्तीला आईनं हातही लावला नव्हता. ही मात्र तिनं मांडीवर घेतली. बोटानं एकेक चौकट चाचपत गेली आणि फाटकाच्या पानावर थांबली.

"हे मी होय?"

"हो."

"पातळ हिरवं होतं माह्यं." पुस्तक काळंपांढरं होतं. तिनं पान उलटलं नाही. मग म्हणाली, "हे डब्याचं तुले आपमनानं नाई सुचलं. कोणं इचारलं होतं?"

"आमच्या पेपरात लिवत होते एक. वासुभाऊ म्हणून."

"माणूस बरा दिसते," आई म्हणाली. "घेऊन येजो त्याले एखांद्या दिवशी जेवाले."

वासुभाऊंना जाऊन तेव्हा दीड महिना झाला होता. मी हो म्हणालो.