खुणेचा टॉवेल

लाँड्रीत तिला सगळे टाकेवाली म्हणत. कपडा मशीनमध्ये जाण्याआधी त्याच्या कॉलरच्या आत, पँटच्या पट्टीला, चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची खूण घालायची, हे तिचं काम. घर तशी खूण. कुणाचा त्रिकोण, कुणाची फुली, कुणाच्या दोन आडव्या रेघा. खूण बघायची आणि कपडा ज्याच्या त्याच्या घरी परत पाठवायचा. एखादा मोजा हरवला तर मालक तिच्या नावानं शंख करायचा, काम चोख झालं की कौतुक नव्या मशीनचं.

तिची धाकटी बहीण पाठीवर पिशवी टाकून जग फिरायला निघाली होती. स्वतःच्या कमाईवर, कुणापुढे हात न पसरता. परत कधी येणार, असं विचारलं की म्हणायची, "बघू." आई गेल्यापासून घरात दोघी बहिणी आणि खाटेवरचे वडील, अण्णा. अण्णांचे पाय कामातून गेलेले. त्यांना उठवून बसवायचं, कूस बदलायची, भांडं द्यायचं, हे सगळं थोरलीकडे. तिला कुणी नेमलं नव्हतं, तसं कुणी विचारलंही नव्हतं. थोरली म्हणजे घरातलं दार. उघडा, लावा, त्याला काय विचारायचं!

"काय टाकेवाली," इस्त्रीवाला म्हणाला, "बहीण चालली विमानात आणि तुम्ही इथं लोकांच्या चड्ड्यांत!"

"तुझीच आहे ही. फाटकी. बोलू का मोठ्यानं?"

इस्त्रीवाल्यानं मान खाली घातली ती इस्त्री थंड होईपर्यंत.

घरी निरोपाच्या भेटी यायला लागल्या होत्या. मावशीनं अख्ख्या खानदानाचा फोटो काचेच्या फ्रेममध्ये आणला. मामांनी असं ब्लँकेट आणलं की त्यालाच वेगळं तिकीट लागावं. शेजारच्या काकूंनी तर भिंतीवरचं घड्याळ दिलं.

"काकू, हे टांगू कुठं? पाठीवर?" धाकटी म्हणाली.

"टांग कुठंही. आम्ही दिलं, आमचं काम झालं," काकू ठसक्यात म्हणाल्या.

थोरलीला हसू आलं आणि रागही आला. द्यायचं तर घेणाऱ्याच्या पाठीचा विचार करून द्यावं. कामावरून सुटल्यावर ती बाजारात गेली. दुकानदारानं चमकी लावलेला मग पुढे केला, त्यावर विमानाचं चित्र.

"प्रवासाला जाणाऱ्यांना हेच देतात ताई."

"तुम्ही गेलाय कधी प्रवासाला?"

"नाही."

"मग ठेवा तो. तो बघा, पातळ टॉवेल. खालचा. वरचा नको, तो वाळत नाही."

धुतलेल्या कपड्यांत जन्म गेलेला. कुठलं कापड पाणी धरून बसतं आणि कुठलं झटकलं की कोरडं होतं, हे तिच्या बोटांना कळत होतं. टॉवेल घेतला. कपडे वाळत घालायला बारीक दोरी घेतली, दोन्ही टोकांना फास करून, म्हणजे खिळा असो की खिडकीची कडी, अडकवता येईल. झाकणाच्या डबीत साबणाची वडी. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळलेला दोरा, सुई आणि चार बटणं. मळके कपडे वेगळे ठेवायला जुन्या उशीच्या अभ्र्याची पिशवी तिनं स्वतः शिवली. सगळं मिळून एका ओंजळीत मावलं, आणि पाकीटही फारसं कण्हलं नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी धाकटी पिशवी भरत होती. घड्याळ, फ्रेम, ब्लँकेट खाटेखाली गेलं होतं. थोरलीची एकेक वस्तू मात्र ती हातात घेऊन बघत होती.

"ताई, दोरीची काय आयडिया आहे गं! हे बाकीच्यांना का नाही सुचत?"

मग तिनं टॉवेल उलगडला आणि कोपऱ्यापाशी थांबली. आतल्या बाजूला लाल दोऱ्याचे टाके. दोन उभे, एक आडवा. घरचे कपडे लाँड्रीत जात तेव्हा त्यांवर असायची ती, त्यांच्याच घराची खूण.

"हे काय? मला परत पाठवायची सोय?"

थोरलीनं टॉवेल ओढून घेतला. कोपरा दुमडताना हातानं आपोआप टाके घातले होते, तिला पत्ताही नव्हता.

"चुकून झालं."

"चुकून कसं होईल? सरळ म्हण ना, जाऊ नको! दोन महिने तोंड शिवून बसलीस आणि आता टॉवेलवर लिहितेस!"

"जाऊ नको म्हणत नाहीये मी!" थोरलीचा आवाज चढला. "जा. हवं तिथं जा. पण परत ये. मला पण जायचंय."

धाकटी पिशवी बाजूला सारून तिच्याकडे वळली.

"मला कधी बोलली नाहीस," धाकटी म्हणाली.

"तू विचारलंस कधी?"

"अगं, कूस," आतून अण्णांनी हाक मारली.

धाकटी उठायला लागली, पण थोरली केव्हाच खोलीत पोचली होती. अण्णांच्या पाठीखाली हात घालताना तिला स्वतःचीच चीड आली. भांडणसुद्धा पुरं करता येऊ नये माणसाला!

सकाळी टॅक्सी दाराशी आली. धाकटीनं टॉवेल तसाच, टाक्यांसकट, पिशवीत सगळ्यात वर कोंबला. मग ती अण्णांच्या खाटेशी गेली आणि दारातल्या थोरलीलाही ऐकू जाईल असं म्हणाली, "अण्णा, वर्षाच्या आत येते मी. मग तुमचं सगळं माझ्याकडे. ताई जाणार आहे."

अण्णांनी मान वळवली. ते रागावले नाहीत. त्यांना खरंच नवल वाटलं.

"ताई? कुठं जाणार?"

थोरलीनं तोंड उघडलं. एकही गाव जिभेवर आलं नाही. डोंगर म्हणावं की समुद्र, तेही सुचेना. इतकी वर्षं जायचंय, जायचंय असं घोकलं, पण कुठं, इथवर विचार कधी पोचलाच नव्हता. कूस बदलायची वेळ व्हायची आणि तो तिथंच तुटायचा.

टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. धाकटीनं तिला घट्ट मिठी मारली आणि पायऱ्या उतरून गेली.

"सांग की," अण्णा म्हणाले. "कुठं?"

"ठरवीन," ती फणकारली. "माझं मी ठरवीन. तुम्ही आधी चहा घ्या, निवतोय."