बाबांना मी दारात उभं केलं होतं

मैत्रिणींनो, आज सकाळी यांना घेऊन अमरावतीला डॉक्टरांकडे गेले होते. हल्ली हे फार विसरतात. डॉक्टरीणबाईंनी पाच शब्द सांगितले, जरा इकडचं तिकडचं बोलल्या आणि तेच शब्द परत विचारले. यांना दोनच आठवले. "असू द्या काका, लवकर आलात हे बरं केलंत," त्या म्हणाल्या.

मला रडू आलं, पण ते माझ्या बाबांसाठी.

१९६४ साली आम्ही अकोल्याला जठारपेठेत राहायचो. आई नव्हती. बाबा शाळामास्तर, नुकतेच निवृत्त झालेले. मी सतरा वर्षांची. एकदा त्यांना दुकानातून चार वस्तू आणायला सांगितल्या, तर ते रिकामी पिशवी घेऊन परतले. महिन्यातली ती तिसरी खेप होती. मी दारातच, शेजारणींसमोर ओरडले, "म्हणा माझ्यामागून! जिरं, गूळ, साबण, काडेपेटी! दहादा म्हणा!"

बाबा खरंच म्हणत राहिले. चौथा शब्द काही केल्या येईना. मग हळूच म्हणाले, "बेबी, मी वाटभर घोकत गेलो व. पण डोक्यात राहतच नाही. मले भेव वाटून राहिलं."

"पुरे झाली नाटकं," म्हणून मी आत निघून गेले.

ती भीती त्यांनी पुन्हा कुणाजवळ बोलून दाखवली नाही. दोन वर्षांनी ते मलाच ओळखेनासे झाले. मी माफी मागितली तेव्हा ते नुसते हसले, पाहुणीकडे बघून हसावं तसे.

तेव्हा यावर औषध नव्हतं, मान्य. पण जवळ तरी बसता आलं असतं ना?

तुमच्या घरी कुणी तेच तेच विचारत असेल, तर तुम्ही काय उत्तर देता?