आत्याचा फवारा

आत्या निवृत्त बस कंडक्टर. नशेचा डोस जास्त होऊन बेशुद्ध पडलेल्यांना वाचवणारा, नाकात मारायचा फवारा तिच्या पर्समध्ये कायम असायचा. दोन पोरं तिने खरोखर परत आणली होती. पण बाकावर डुलक्या घेणारे म्हातारेही तिला पाहताच ताडकन उठून बसत.

परवा सरकारी सभेत साहेब आकडे वाचत होते, "राज्यात नशेचे बळी यंदा प्रथमच घटले." तेवढ्यात शेजारी बसलेल्या अध्यक्षांची मान कलंडली. आत्या धावत व्यासपीठावर चढली आणि तिने फवारा थेट त्यांच्या नाकात मारला.

अध्यक्ष शिंकत ओरडले, "अहो बाई, मला नुसती झोप लागली होती!"

"बळींचा आकडा चढत होता तेव्हाही तुम्हाला झोपच लागली होती की!" आत्या कडाडली.